शाब्दिक उदाहरणात वितरण कुठलं हे ओळखायचं कसं? आधी गोष्ट वाचा, सूत्र नंतर

वितरण म्हणजे आपण मोजतोय त्या गोष्टीच्या प्रत्येक किमतीला किती शक्यता आहे याची मांडणी. संभाव्यतेचं शाब्दिक उदाहरण समोर आलं की बहुतेक मुलं पहिल्यांदा आकडे वेचतात, १० दिसला, ०.२५ दिसला, २ दिसला, की लगेच द्विपद वितरणाच्या (ठरलेल्या प्रयत्नांत यश किती, हे सांगणाऱ्या) सूत्रात भरायला घेतात, आणि काहीतरी उत्तर येतंच, कारण सूत्रात कुठलेही आकडे घातले तरी शेवटी एक आकडा बाहेर पडतोच. तो बरोबर आहे की नाही हे त्या आकड्याकडे बघून कळत नाही. वितरणांच्या या धड्यात मार्क जातात ते गुणाकार-भागाकारात फार कमी, जातात ते वाचण्यात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सूत्र उघडायच्या आधी दोन मिनिटं नुसती गोष्ट वाचा आणि वहीत एक वाक्य मराठीत लिहा: "क्ष म्हणजे अमुक". म्हणजे आपण नक्की काय मोजतोय ते.

हे वाक्य लिहिलं की बरंच आपोआप सुटतं. क्ष च्या किमती ०, १, २, ३ अशा सुट्या सुट्या येत असतील, म्हणजे बरोबर आलेली उत्तरं, खराब निघालेले बल्ब, आलेली गिऱ्हाइकं वगैरे, तर आपण या धड्यात आहोत. क्ष म्हणजे उंची, वजन, थांबलेली मिनिटं असलं काही असेल तर तो वेगळा धडा, इथे नको. मग पुढचं बघायचं की गोष्टीत ठरलेलं काय आहे आणि नशिबावर सोडलेलं काय आहे. प्रयत्न किती हे ठरलेलं आहे आणि यश किती ते माहीत नाही? की यश एकच हवंय आणि प्रयत्न किती लागतील ते माहीत नाही? की प्रयत्न वगैरे काही नाहीच, नुसता एक तास किंवा एक चौरस किलोमीटर ठरलेला आहे? आणि तिसरं म्हणजे, पहिल्या प्रयत्नात जी शक्यता होती तीच दहाव्या प्रयत्नातही आहे का, की मधे काहीतरी बदललं? यापुढे जे काही आहे ते या प्रश्नांचीच उत्तरं आहेत.

एक ओळखीचं उदाहरण घेऊ. नीटच्या पेपरात प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात, बरोबर आला तर ४ मार्क, चुकला तर १ कापला जातो, सोडून दिला तर ०. आता समजा शेवटची पाच मिनिटं उरलीत आणि १० प्रश्न असे आहेत ज्यातलं ओ की ठो कळत नाहीये. अंदाजे गोल काळे करायचे का? हा प्रश्न दरवर्षी घरोघरी विचारला जातो आणि उत्तर मात्र ऐकीव मिळतं, कोणी म्हणतं अजिबात करू नकोस, कोणी म्हणतं ठोकून दे.

वाक्य लिहा: क्ष म्हणजे १० पैकी बरोबर आलेल्या उत्तरांची संख्या. प्रयत्न ठरलेले, १०. प्रत्येक प्रश्नाचे दोनच निकाल, बरोबर किंवा चूक. शक्यता प्रत्येक वेळी ०.२५, आणि एका प्रश्नाचा अंदाज बरोबर आल्याने दुसऱ्यावर काही परिणाम नाही. या चारही गोष्टी आहेत म्हणून, आणि म्हणूनच, हे द्विपद वितरण. चारातली एक जरी ढिली असती तरी नसतं.

आता मार्क किती? ४क्ष वजा चुकलेली, म्हणजे ४क्ष − (१० − क्ष), म्हणजे ५क्ष − १०. ही ओळ खूप जण लिहितच नाहीत आणि मग पुढे गोंधळतात, कारण प्रश्नात विचारलेत मार्क आणि वितरण आहे बरोबर उत्तरांचं, दोघांमधला हा पूल आधी बांधून घ्यावा लागतो. ५क्ष − १० वरून दिसतं की दोन बरोबर आली तर शून्य मार्क, दोनपेक्षा कमी आली तर तोटा, तीन किंवा जास्त आली तर फायदा. म्हणजे "फायदा होण्याची शक्यता किती" याचं भाषांतर झालं "क्ष किमान ३ असण्याची शक्यता किती".

किमान ३ म्हणजे ३, ४, ५ असं करत १० पर्यंत आठ वेगवेगळ्या शक्यता काढून बेरीज करायची. नको. उलट्या बाजूने या, ०, १ आणि २ काढा आणि १ मधून वजा करा. एकही बरोबर नाही: ०.७५ चा १० वा घात, ०.०५६३. एक बरोबर: १० × ०.२५ × ०.७५ चा ९ वा घात, ०.१८७७. दोन बरोबर: ४५ × ०.२५ चा वर्ग × ०.७५ चा ८ वा घात, ०.२८१६.

हा ४५ कुठून आला इथे जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त वेळा गळतो तो हाच. पहिले दोन प्रश्न बरोबर आणि बाकी आठ चूक, याची शक्यता ०.२५ चा वर्ग × ०.७५ चा ८ वा घात, बरोबर. पण ही फक्त एक मांडणी झाली. तिसरा आणि सातवा बरोबर हीसुद्धा "दोन बरोबर"च आहे, पाचवा आणि दहावा हीसुद्धा. १० मधून कुठले दोन, हे निवडायचे ४५ प्रकार आहेत (१० × ९ भागिले २) आणि प्रत्येक प्रकाराची शक्यता सारखीच, म्हणून ४५ ने गुणायचं. गणितात "पहिले दोनच बरोबर आले" असं म्हटलं असतं तर ४५ नको होता. "कुठलेही दोन" असेल तर हवा.

तिघांची बेरीज ०.५२५६, म्हणजे फायद्याची शक्यता ०.४७४४. आता सरासरी बघा. बरोबर उत्तरांची सरासरी १० × ०.२५ = २.५, मार्कांची सरासरी ५ × २.५ − १० = २.५. म्हणजे सरासरी अधिकमध्ये आहे आणि तरीही फायदा होण्याची शक्यता निम्म्यापेक्षा कमी आहे! दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. तोट्याची शक्यता जवळजवळ ०.२४, काहीच न होण्याची ०.२८, आणि फायदा झाला तर कधी कधी बराच मोठा होतो, तो सरासरीला वर ओढतो. सरासरी म्हणजे "बहुतेक वेळा असं होईल" असं समजणाऱ्यांसाठी हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण शिक्षक सरासरीचं सूत्र सांगतात पण ती काय नाही ते क्वचितच सांगतात.

आणि एक आकडा बदलून बघा. समजा प्रत्येक प्रश्नात एक पर्याय खात्रीने चूक आहे एवढं तरी कळतंय. मग शक्यता १/४ ची १/३ होते, आणि तेच गणित परत केलं तर फायद्याची शक्यता ०.४७ वरून ०.७० वर जाते, तोट्याची ०.२४ वरून ०.१० वर येते. एक पर्याय खोडता येणं एवढं मोलाचं आहे.

आता आंबे. डझनाची हापूसची पेटी आणली, त्यातल्या ३ आंब्यांत साका आहे. साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. पाहुणे आले म्हणून त्यातले कुठलेही ४ काढले. चारही चांगले निघण्याची शक्यता किती?

आकडे वेचणारा म्हणेल १२ पैकी ९ चांगले म्हणजे ०.७५, चार आंबे, ०.७५ चा ४ था घात, ०.३१६४, झालं. झालं नाही. पहिला आंबा चांगला निघाला की पेटीत ११ उरले आणि त्यात चांगले ८, म्हणजे दुसऱ्या आंब्याची शक्यता ८/११, ती ०.७५ राहिली नाही. काढलेला आंबा आपण परत ठेवत नाही. म्हणजे वर म्हटलेली "शक्यता प्रत्येक वेळी तीच" ही अट मोडली, आणि द्विपद वितरण गेलं. खरं उत्तर असं: ९ चांगल्यांतून ४ निवडायचे प्रकार १२६, बाराच्या बारा आंब्यांतून ४ निवडायचे प्रकार ४९५, भागाकार ०.२५४५. किंवा सरळ ९/१२ × ८/११ × ७/१० × ६/९ करा, तेच येतं. याला अतिगुणोत्तरी वितरण म्हणतात, नाव जड आहे पण आत नुसतं निवडायचे प्रकार मोजणं आहे, बाकी काही नाही.

०.३१६ आणि ०.२५५ हा फरक छोटा नाही. पण हेच बागेत जाऊन १२०० आंब्यांच्या ढिगातून केलं, ज्यात ३०० ला साका आहे, तर चारही चांगले निघण्याची शक्यता ०.३१५९ येते, म्हणजे ०.३१६४ ला जवळजवळ चिकटलेली. ढीग मोठा असला की चार आंबे काढल्याने त्याला काही जाणवत नाही. म्हणून एखाद्या उदाहरणात "कारखान्यातल्या मालापैकी ५ टक्के खराब, त्यातले १० तपासले" असं असेल तर द्विपद चालतं, आणि "२० बल्बच्या खोक्यात ४ खराब, त्यातले ५ काढले" असं असेल तर चालत नाही. "परत ठेवून" की "परत न ठेवता" हे शब्द असतील तर उत्तमच, नसतील तर ढिगाचा आकार बघायचा.

तिसरा प्रकार वाट बघण्याचा. लुडोमध्ये सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर येत नाही. इथे क्ष म्हणजे पहिला सहा पडेपर्यंत टाकलेले फासे, सहा पडला तो धरून. प्रयत्न किती ते ठरलेलं नाही, ठरलेलं यश आहे, एक. हे गुणोत्तरीय वितरण आणि याच्यात निवडायचे प्रकार वगैरे येत नाहीत, कारण मांडणी एकच शक्य आहे, आधी सगळे अपयश आणि शेवटी यश. तिसऱ्या वेळी पहिला सहा पडण्याची शक्यता ५/६ × ५/६ × १/६. सरासरी ६ वेळा टाकावा लागतो, पण दहा वेळा टाकूनही सहा न पडण्याची शक्यता ५/६ चा १० वा घात म्हणजे ०.१६ आहे, म्हणजे साधारण सहात एकदा असा वैताग येणारच, फासा खोटा आहे असं समजू नका. आणि दहा वेळा नाही पडला म्हणून अकराव्या वेळी पडायची शक्यता वाढत नाही, ती १/६ च असते. फाशाला आधीचं काही आठवत नाही.

याच्याच जवळचा एक जुना किस्सा आहे आणि तो खरा आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये आंत्वान गोंबो म्हणून एक लेखक होता, शेव्हालिए द मेरे या नावाने ओळखला जायचा. एक फासा चार वेळा टाकला तर एकदा तरी सहा पडेल अशी पैज फायद्याची आहे हे ठाऊक होतं, शक्यता ०.५१७७. आता दोन फासे घेतले आणि जोडीने सहा-सहा पडायला हवेत असं ठरवलं तर किती वेळा टाकायचे? सहा निकालांना चार वेळा, तर छत्तीस निकालांना चोवीस वेळा, असं सरळ त्रैराशिक मांडलं तर शक्यता तीच राहायला हवी. ती राहत नाही, ०.४९१४ होते, निम्म्याच्या खाली, पैज तोट्याची. पास्काल या फ्रेंच गणितज्ञाने १६५४ साली फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात याचा उल्लेख आहे. "एकदा तरी" दिसलं की त्रैराशिक मांडायचं नाही, एकदाही न होण्याची शक्यता काढायची आणि १ मधून वजा करायची, एवढं यातून घ्या.

एक तक्रार मात्र मला पाठ्यपुस्तकी उदाहरणांबद्दल आहे. "एखाद्या दिवशी पाऊस पडण्याची शक्यता ०.४, तर आठवड्यात नेमके ३ दिवस पाऊस पडण्याची शक्यता काढा." पेपरात आलं तर द्विपद लावा, मार्क मिळतील. पण कोकणात जुलैत राहिलेल्या माणसाला विचारा, आज धो धो पडला तर उद्याही पडायची शक्यता जास्त असते, झड लागली की आठवडा आठवडा लागते आणि उघडीप मिळाली की चार दिवस मिळते. दिवस एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, म्हणजे अट मोडली. चांगल्या उदाहरणात "प्रत्येक दिवस स्वतंत्र आहे असं माना" हे वाक्य हवंच, आणि नसेल तर मुलांनी ते स्वतः उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहावं, आपण काय गृहीत धरतोय हे कळण्यासाठी.

राहिलं पॉयसाँ वितरण. फ्रेंच गणिती पॉयसाँने १८३७ मध्ये हे मांडलं. याची ओळख पटवायला माझी आवडती खूण अशी: न झालेल्या गोष्टी मोजता येतात का? दहा प्रश्नांत तीन बरोबर आले तर सात चुकले हे सांगता येतं. पण रात्रभर उघड्या असलेल्या मेडिकलमध्ये तासाभरात पाच गिऱ्हाइकं आली, तर न आलेली किती? या प्रश्नाला अर्थच नाही. प्रयत्नांची संख्या नाही, फक्त एक काळ आहे आणि त्यात सरासरी किती घडतं तो दर आहे. अशा ठिकाणी पॉयसाँ.

तासाला सरासरी ६ गिऱ्हाइकं येतात, तर २० मिनिटांत एकही न येण्याची शक्यता? पहिलं काम दर बदलून घेणं, २० मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा भाग, सरासरी २. सहा तसाच ठेवून गणित करणारे इथे अडकतात. एकही नाही: ई (म्हणजे २.७१८ च्या आसपासचा गणितातला ठरलेला आकडा) चा −२ वा घात, घातात वजा चिन्हासह सरासरी, ०.१३५३. एक: त्याला २ ने गुणा, ०.२७०७. दोन: आधीच्याला २ ने गुणून २ ने भागा, परत ०.२७०७. तीन काढायला त्याला २ ने गुणून ३ ने भागा, असं पुढे पुढे जाता येतं, दरवेळी सूत्र पहिल्यापासून मांडायची गरज नाही. मग किमान ३ गिऱ्हाइकं यायची शक्यता १ − ०.६७६७ = ०.३२३३. आणि इथेही अटी आहेत, दर त्या काळात तोच राहायला हवा आणि माणसं एकेकटी, आपापली यायला हवीत. एकाच पेशंटचे चार नातेवाईक एकदम आले तर ती चार वेगळी गिऱ्हाइकं धरायची नाहीत.

पॉयसाँ प्रत्यक्षात कसा बसतो हे बघायचं असेल तर दुसऱ्या महायुद्धातलं लंडन बघा. १९४४ मध्ये जर्मनीचे व्ही-१ उडते बॉम्ब शहरावर पडत होते, आणि काही भागांवर पुन्हा पुन्हा पडतात, म्हणजे नेम धरून मारतात, असं लोकांना वाटायचं. आर. डी. क्लार्क या विमा-गणितज्ञाने १९४६ साली याचा हिशोब छापला. दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा भाग घेऊन त्याचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडले. एकूण बॉम्ब ५३७, म्हणजे चौकोनामागे सरासरी ०.९३२. नुसत्या योगायोगाने पडले असतील तर एकही बॉम्ब न पडलेले चौकोन किती असायला हवेत? ५७६ गुणिले ई चा −०.९३२ वा घात, २२६.७. प्रत्यक्षात होते २२९. एक पडलेले २११.४ अपेक्षित, होते २११. दोन पडलेले ९८.५ अपेक्षित, होते ९३. तीनवाले ३०.६, होते ३५. चारवाले ७.१, होते ७. पाच किंवा जास्त पडलेला एकच चौकोन होता, अपेक्षा १.६ ची. आकडे इतके जुळले की नेम धरल्याचा त्यात काही पुरावा दिसेना. ज्या चौकोनात चार पडले तिथल्या लोकांना ते मुद्दाम वाटणारच, पण ५७६ चौकोनांत असे सात निघणं हे योगायोगातच बसतं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण योगायोग सगळीकडे सारखा पसरलेला असतो असं आपण मनात धरून चालतो, आणि तो तसा कधीच नसतो, त्यात असे पुंजके असतातच.

द्विपद आणि पॉयसाँ यांचं नातंही आहे. प्रयत्न खूप आणि प्रत्येकाची शक्यता अगदी छोटी असेल, जसं २००० माणसं आणि प्रत्येकाची शक्यता ०.००१, तर सरासरी २, आणि एकालाही काही न होण्याची शक्यता द्विपदने ०.१३५२, पॉयसाँने ०.१३५३. अशा वेळी बेधडक पॉयसाँ वापरा, कॅल्क्युलेटरवरचे मोठे घात वाचतात.

शेवटी दोन मजली उदाहरणं, जिथे हुशार मुलंही अडखळतात. तेच मेडिकल घ्या. रोज रात्री २ ते २.२० या वेळात, ७ रात्रींपैकी किमान एका रात्री एकही गिऱ्हाईक न येण्याची शक्यता किती? खालच्या मजल्यावर पॉयसाँ आहे, एका रात्रीसाठी, त्याने दिलं ०.१३५३. वरच्या मजल्यावर क्ष बदलला, आता क्ष म्हणजे ७ पैकी रिकाम्या गेलेल्या रात्री, प्रयत्न ठरलेले, शक्यता प्रत्येक रात्री ०.१३५३, म्हणजे द्विपद. नवीन वाक्य वहीत नव्याने लिहा, जुना क्ष पुढे ओढू नका, हवं तर दुसऱ्याला य म्हणा. एकही रात्र रिकामी नाही: ०.८६४७ चा ७ वा घात, ०.३६१५. किमान एक: ०.६३८५. कोणी ०.१३५३ ला सरळ ७ ने गुणलं तर ०.९४७१ येईल, आणि तो आकडा १ च्या आत असल्याने खरा वाटेल. तीच पद्धत १० रात्रींना लावून बघा, १.३५३ येतं, जे शक्यच नाही. १० रात्रींचं खरं उत्तर ०.७६६ आहे.